डॉक्टरीणबाईंचा दीड पानाचा लेख

आमच्या डॉक्टरीणबाईंना रोग्याने नुसतं "बरं वाटतंय" म्हटलेलं चालत नसे. "बरं म्हणजे किती? शेवटचा झटका कोणत्या वारी आला?" असं त्या विचारत आणि माणूस गोंधळून जाई. लढाईच्या काळात नेवाशाला त्यांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो.

फेफऱ्याच्या रोग्यांवर त्यांचा विशेष जीव. एकदा भर बाजारात झटका आलेल्या माणसाच्या नाकाला कुणी चप्पल लावली, ती त्यांनी हिसकावून घेतली. "ही पायात घाला, आणि त्याला कुशीवर वळवा!"

या रोग्यांना औषध कसं लागू पडलं यावर त्यांनी एक लेख लिहिला आणि फेफऱ्यावरच निघणाऱ्या एका विलायती वैद्यकीय नियतकालिकाकडे पाठवला. तिथे त्या विषयातले दोन जाणकार आधी लेख तपासत, मगच तो छापला जाई. बऱ्याच महिन्यांनी त्यांचा प्रश्न आला: झटके थांबल्याचं तुम्ही स्वतः पाहिलंत, की घरच्यांनी सांगितलं?

बाईंनी रोग्यांची वही काढून पुन्हा चाळली. मग म्हणाल्या, "त्यांचं बरोबर आहे. टांगा सांगा."

आम्ही गावोगाव फिरलो. रखमा नावाच्या मुलीला आलेला गुण हा लेखातला सगळ्यात मोठा दाखला. तिचे वडील म्हणाले, "वरीस झालं, येक बी झटका न्हाई." बाईंनी त्यांना माझ्याबरोबर ओट्यावर बसवलं आणि आत जाऊन रखमालाच विचारलं. बोलणं बाहेर ऐकू येत होतं.

"येत्यात, बाई. सोयरीक जुळतीया, म्हनून सांगायचं न्हाई. औशिद बी बंद हाय, बाटली कुनी बघंल म्हनून." मग दबक्या आवाजात, "तुमच्या कागदात माझं नाव हाय का?"

"कुणाचंच नाव नाही."

"मग खरं लिवा."

वडिलांनी मान खाली घातली. बाई बाहेर येऊन त्यांना एवढंच म्हणाल्या, "औषध सुरू करा. आणि मुलाकडच्यांना सांगून टाका."

त्यांनी सांगितलं, आणि सोयरीक मोडली. वडील दवाखान्यासमोर उभे राहून बाईंना नाही नाही ते बोलून गेले. त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. रखमा मात्र औषधाला येऊ लागली.

गुणाची खात्री न पटलेले लेखातले निम्मे रोगी बाईंनी स्वतःच्या हाताने खोडले. छापून आलं ते दीड पान. मी हळहळलो, तर म्हणाल्या, "उरलंय त्यावर दुसरा डॉक्टर विसंबू शकेल."

दोन वर्षांनी बाई विषमज्वराने गेल्या. दवाखाना नव्या डॉक्टरांनी चालवायला घेतला. पहिल्याच आठवड्यात रखमा आली, बरोबर पदराने तोंड झाकलेली एक बाई. रखमा मला म्हणाली, "हिला बी झटके येत्यात. घरी ठावं न्हाई. समदं खरं सांगंल ती, मी समजावलंय."