घोड्याच्या घरातलं प्यादं

रविवार, संध्याकाळ. कित्येक महिने इथं काहीच लिहिलं नाही, माफ करा.

आज हिंगोलीच्या बुद्धिबळ स्पर्धेत शेवटचा डाव जिंकलो असतो तर आयुष्यातलं पहिलं बक्षीस मिळालं असतं. समोर कुरुंद्याचे हळद व्यापारी, शेखचाचा. त्यांचं प्यादं माझ्या घोड्याच्या घरात पोचलं. गावाकडच्या जुन्या नियमानं तिथं घोडाच मिळतो, म्हणून ते घोडा शोधू लागले.

मी थोडा वेळ गप्प बसलो. मग म्हणालो, "चाचा, इथं वजीर घेता येतो."

"काहून सांगून राहिले, सर? डाव जाईल ना तुमचा!"

गेलाच. तरी हलकं वाटतंय. फक्त आधी गप्प का बसलो, हे टोचतंय. तुम्ही लगेच सांगितलं असतं का?

उद्या: चाचांसाठी नियमांची झेरॉक्स काढणे.