कोरं कार्ड

बाळीवेशीतल्या संगप्पांची रुद्राणी गिरणीत कॉम्प्युटरवर लागली, तेव्हा गल्लीतल्या बायकांनी ठरवून टाकलं की पोरीला टायपिस्टची नोकरी मिळाली. तिच्या आईनं, सावित्रम्मांनी, तो समज कधी खोडून काढला नाही. टायपिस्ट म्हटलं की लोकांना निदान कळतं तरी. कॉम्प्युटर म्हणजे काय, हे त्यांना स्वतःलाच कुठं ठाऊक होतं! एवढं मात्र कळलं होतं की त्या यंत्राला सतत गार हवा लागते, म्हणून अठ्ठ्याहत्तर सालच्या भर मे महिन्यात, सोलापूर तव्यासारखं तापलेलं असताना, लेक शाल घेऊन कामाला जाई. सावित्रम्मांना त्याचं हसू येई आणि आतून अभिमानही वाटे.

रुद्राणीला मात्र ते काम पहिल्या दिवसापासून घरचंच वाटलं. संगप्पा जकार्डच्या मागांसाठी कार्डं करत. चादरीवर मोर हवा असो की कमळ, नक्षीची एकेक ओळ पुठ्ठ्याच्या एकेका पट्टीवर भोकं पाडून उतरवायची, पट्ट्या दोरीनं ओवून लांब माळ करायची आणि ती मागावर चढवायची. भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. शाळेत जायच्या आधीपासून रुद्राणीनं त्या माळा ओवल्या होत्या. गिरणीतल्या यंत्रालाही भोकं पाडलेली कार्डंच भरवतात, हे पाहून ती घरी येऊन म्हणाली होती, "अप्पा, तुमचंच काम हाय की, नुसतं पॅन्ट घातलेलं!"

त्या घराची एक रीत होती. जुनी नक्षी मागावरून उतरली की तिची माळ संगप्पा लगेच तोडत नसत. ती खुंटीला टांगायची. पुढचा सिद्धेश्वराचा गड्डा, म्हणजे संक्रांतीची जत्रा, होऊन जाईपर्यंत कुणी ती परत मागायला आलं नाही, तरच दोरी कापायची. जत्रेला आलेला व्यापारी मागच्या वर्षीचीच चादर मागतो, हा त्यांचा अनुभव. घरात डोकं आपटेल इतक्या माळा लोंबत. सावित्रम्मा रोज त्यांच्या नावानं करवादत, पण रीत ती रीत.

नोकरी अजून कच्ची होती. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे गड्ड्याच्या आधी ठरणार होतं. त्यातच अक्कलकोटहून स्थळ आलं. मुलगा चांगला, घरचं किराणा दुकान, पण सुनेनं नोकरी करायची नाही ही अट. संगप्पांनी पाहुण्यांना गड्डा होईपर्यंत थोपवलं आणि लेकीला सरळ सांगितलं, "कायम झालीस तर कर नोकरी. न्हाई झालीस तर त्यास्नी न्हाई म्हणाया मला तोंड न्हाई." रुद्राणीला ती गार खोली सोडायची नव्हती. लग्नाला तिचा विरोध नव्हता, पण आपण लिहिलेलं यंत्र मुकाट्यानं ऐकतं, हे सुख तिला नुकतंच सापडलं होतं.

गड्डा तोंडावर आला आणि इकडे यंत्राची डिस्क भरली. परातीएवढी ती तबकडी, तिच्यावर गिरणीच्या प्रत्येक नक्षीची एकेक फाइल: रंग कोणते, धागे किती, कुठल्या मागावर चढवायची. रोज सकाळी त्यावरूनच विणकाम खात्याला दिवसाच्या कामाचा कागद छापून जाई. विभागाचे साहेब भीमाशंकर बिराजदार तिला म्हणाले, "बंद झालेल्या नक्ष्यांच्या फाइली पुसायचा प्रोग्राम तुम्हीच लिहा." हीच आपली परीक्षा, हे तिला कळायला वेळ लागला नाही.

तिनं मन लावून लिहिला. नावाची सुरुवातीची अक्षरं एका कार्डावर द्यायची, त्या अक्षरांनी सुरू होणारी प्रत्येक फाइल यंत्र शोधणार, पुसणार आणि तिचं नाव छापणार. चालवून पाहायची वेळ आली तेव्हा मात्र तिला भीती वाटली. पुसलेलं परत कसं आणायचं? ही भीती अगदी रास्त होती, तिच्यावर काढलेला उपाय मात्र भलताच निघाला. तिनं अक्षरांच्या कार्डाच्या जागी कोरं कार्ड घातलं. भोकच नाही तर धागा कशाला उचलेल? यंत्र कार्ड वाचेल, काही करणार नाही आणि थांबेल. प्रोग्राम चालतो एवढं तरी कळेल. जेवणाच्या सुट्टीत, खोलीत कुणी नसताना, तिनं बटण दाबलं.

छापायचं यंत्र खडखडलं. एक नाव. दुसरं. मग नावांची रांगच लागली. मोर गेला, कमळ गेलं, परवाच मागावर चढलेली नवी वेलबुट्टीही गेली. कार्डावर एकही अक्षर नाही, म्हणजे जुळवून पाहायला काही नाही, म्हणजे प्रत्येक नाव जुळलंच, असा यंत्राचा हिशेब. तिनं यंत्र बंद केलं तोवर डिस्क जवळजवळ रिकामी झाली होती.

डबा खाऊन यंत्रावरचा जुना माणूस शिवयोगी परतला. जमिनीवर लोळणारा कागद बघून तो काय ते समजला. रुद्राणीवर त्याचा जीव होता. हळूच म्हणाला, "मॅडम, गप ऱ्हावा. डिस्क खराब झाली म्हणू. मशिनला कोण फाशी देतंय?"

सोपं होतं. गड्डा चार पावलांवर होता आणि यंत्र काही साक्ष देणार नव्हतं. रुद्राणीनं जमिनीवरचा कागद गोळा करायलाही घेतला. पण तो प्रोग्राम उद्या कपाटात जाणार, परवा दुसरं कुणी चालवणार, आणि हजारदा हाताळलेल्या गठ्ठ्यात एखादं कोरं कार्ड कधी ना कधी घुसणारच. हे तिला काही गिळता येईना. ती उठली आणि बिराजदारांच्या टेबलापुढं जाऊन घडलं ते सगळं सांगून मोकळी झाली.

बिराजदारांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ज्यांवरून या फाइली भरल्या ती मूळ कार्डं कुठायत? ती रद्दीत द्यायला सांगितली होती."

"दिली नाहीत, सर." तिची मान खालीच होती. "कपाटामागं खोकी आहेत. आमच्या घरी लगेच टाकत नाहीत, म्हणून मीही टाकली नाहीत."

बिराजदार रागवायला निघाले होते, ते मधेच अडकले. मग तिघांनी मिळून खोकी ओढली आणि सगळी कार्डं यंत्राला नव्यानं भरवली. अलीकडचे बदल कार्डांवर नव्हते, ते खात्यात हिंडून विचारावे लागले. दुसऱ्या दिवशीचा कागद दुपारी गेला, तोवर माग उभे होते, आणि विणकाम मास्तरांनी कॉम्प्युटरला सर्वांदेखत डबडं म्हणून घेतलं.

घरी तिनं अप्पांना सांगितलं. ते भोकं पाडता पाडता थांबले.

"कोरं कार्ड म्हंजे काईच न्हाई, हे कुणी सांगितलं तुला?"

"तुमच्याच कार्डांवर शिकले की."

"तू माळ ओवलीस अव्वा, माग कुटं चालवलास? कोरं कार्ड धागा उचलत न्हाई, ते खरं. पण आडवा धागा जातोच की. कुटंच अडकत न्हाई, नुसता लोंबतो, अन् कापड वाया जातं. माग थांबत न्हाई."

रुद्राणीला हसू आलं आणि त्याच्याच पाठोपाठ रडू. संगप्पा म्हणाले, "इरली, इरली, असू दे पोरी," आणि पुन्हा कामाला लागले.

तिनं प्रोग्राम नव्यानं लिहिला. आता कोरं कार्ड दिसलं की तो तिथंच थांबे. आधी नुसती नावं छापून दाखवी, माणसानं ती वाचून दुसरं कार्ड दिल्याशिवाय पुढं जात नसे. आणि तेव्हाही पुसत नसे, फाइलीचं नाव बदलून तिला बाजूला ठेवी. बरेच दिवस कुणी मागितली नाही, तर मग पुसायची. बिराजदारांनी तो दोनदा वाचला आणि "हं" म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं येणं म्हणजे पुष्कळ होतं.

पण वरून आलेल्या कागदावर कायम हा शब्द नव्हता. काढलेलंही नव्हतं. आणखी एक वर्ष उमेदवारी, मग पाहू.

गड्डा उठला आणि अक्कलकोटचे पाहुणे आले. रुद्राणी आत चहाचा ट्रे धरून उभी होती. पाहुण्यांनी विचारलं, संगप्पांनी काही न लपवता सांगितलं.

"म्हंजे पक्की झाली न्हाई म्हना की," पाहुणे खुशीत म्हणाले. "मग तारीख धरू या."

संगप्पांनी वर बघितलं. पाहुण्यांनीही बघितलं. डोक्यावर माळा लोंबत होत्या.

"आमच्या घरात माळ उतरली म्हणून लगेच दोरी कापत न्हाईत," संगप्पा म्हणाले. "पुढच्या गड्ड्यापतूर टांगून ठेवतो. पोरीच्या नोकरीची बी टांगलीया. तुमी थांबू नका, दुसरीकडं बघा. पोरगा चांगला हाय तुमचा."

आत रुद्राणी चहा बाहेर न्यायचंच विसरली. सावित्रम्मांनी तिच्या हातातला ट्रे काढून घेतला, पदरानं तिचे डोळे पुसले, आणि त्या माळांना एक शब्दही न बोलता, त्यांच्याखालून मान वाकवून चहा घेऊन बाहेर गेल्या.