अर्ध्या दिवसाची नोंद

हेग्लंडच्या प्राथमिक शाळेची कचेरी आर्डिस क्वाम अठ्ठावीस वर्षं सांभाळत होती, आणि या अठ्ठावीस वर्षांत तिच्या हातच्या एकाही कार्डावर खाडाखोड नव्हती. हे ती स्वतःहून कुणाला सांगत नसे. म्हणजे वर्षातून तीन-चारदाच सांगे.

शाळेत येणाऱ्या प्रत्येक पोराचं एक जाड पिवळं कार्ड असायचं. बालवर्गापासून सहावीपर्यंतचे गुण, हजेरीचे दिवस, गैरहजेरीचे दिवस, टोचलेल्या लशी, सगळं त्या एका कार्डावर. पोर सहावी होऊन गेलं की कार्ड लोखंडी कपाटात जायचं ते कायमचं. साठीचा म्हातारा पेन्शनसाठी जन्मतारखेचा दाखला मागायला यायचा, आणि आर्डिस दोन मिनिटांत त्याचं कार्ड काढून वर त्याला ऐकवायची, "तिसरीत अंकगणितात काठावर सुटलात हो तुम्ही, मिस्टर ओल्सन." कार्डावर चूक झालीच तर खोडरबर नाही, पांढरा रंग नाही. चुकीच्या आकड्यावरून एक सरळ रेघ मारायची, आकडा वाचता आला पाहिजे अशी. वर बरोबर आकडा, बाजूला आपली आद्याक्षरं आणि तारीख. आर्डिसच्या आधीच्या बाईंची कार्डं अशा रेघांनी भरलेली होती. आर्डिस ती कार्डं चिमटीत धरून उचलायची.

अशी ही काटेकोर बाई, पण तिच्या पोटात एक दुखणं होतं. त्या दुखण्याचं नाव मार्लिस टुफ्टे.

मार्लिस पहिलीची शिक्षिका. दोघी एका वयाच्या, एकाच ल्युथेरन चर्चात वाढलेल्या, एकाच बसने शिक्षिका व्हायला कॉलेजात गेलेल्या. आर्डिस वर्षभरात लग्न करून परत आली. मार्लिस शिकून परत आली आणि मग लग्न केलं, तेही नदीकाठच्या काळ्या जमिनीच्या टुफ्टेंकडे. आर्डिसच्या वाट्याला खडकाळ जमीन आणि अबोल नवरा. मार्लिसचा नवरा चर्चच्या जेवणावळीत बायकोने ओव्हनमध्ये भाजून आणलेल्या हॉटडिशची तारीफ मोठ्यांदा करायचा. मार्लिसचं वजन वाढलं नाही, केस पिकले ते चांदीसारखे पिकले. आणि पोरं! पहिलीतून गेलेली पोरं सहावीत गेली तरी दुपारी तिच्या गळ्यात पडायला यायची. आर्डिसच्या काउंटरशी पोरं यायची ती ताप आला म्हणून किंवा उशीर झाला म्हणून.

हेही एकवेळ चाललं असतं. पण व्हरांड्यात ती फळी होती.

ओक लाकडाची फळी, तिच्यावर पितळी पट्ट्या. बालवर्गापासून सहावीपर्यंत सात वर्षं एकही दिवस न चुकवलेल्या पोराचं नाव त्या फळीवर लागायचं, आणि हार्डवेअरवाल्या दुकानाकडून त्याला सायकल मिळायची. जिथे जानेवारीत थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते, तिथे सात वर्षं पूर्ण हजेरी म्हणजे चेष्टा नव्हे. चाळीस वर्षांत नऊ नावं. त्यांतलं सहावं नाव डेल टुफ्टे, १९७३. मार्लिसचा मुलगा.

त्याच वर्षी, त्याच वर्गात, आर्डिसची कॅरिन होती. सात वर्षं तिचीही पूर्ण होत आली होती. फेब्रुवारीतल्या एका रात्री आर्डिस गाडीचं इंजिन रात्रभर गरम ठेवणारी वायर विजेला जोडायला विसरली. सकाळी इंजिन दगड झालेलं. शेजाऱ्याच्या ट्रकमधून दोघी शाळेत पोचल्या तेव्हा दहा चाळीस झाले होते. नियम असा की साडेदहापर्यंत आलं तर उशीर, साडेदहानंतर आलं तर अर्धा दिवस गैरहजर.

मार्लिस तेव्हा काउंटरशीच उभी होती. म्हणाली, "अगं आर्डिस, दहा मिनिटं! उशीर म्हणून लिही आणि मोकळी हो. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," आर्डिस म्हणाली, आणि तिने पोटच्या पोरीच्या नावापुढे अर्धा दिवस लिहिला.

त्या क्षणी तिला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. मे महिन्यात डेल सायकलवरून गावभर फिरला तेव्हा तो अभिमान कुठल्या कुठे गेला. कॅरिन काही बोलली नाही. सहा वर्षांनी मिनियापोलिसला निघाली तेव्हा बॅग गाडीत टाकता टाकता एवढंच म्हणाली, "आई, त्या दिवशी तू माझी आई होतीस की शाळेची कारकून, ते मला अजून कळलेलं नाही." आणि मग फोन. महिन्याला एक, कधी दोन महिन्यांनी.

आता १९९६ साल, आणि डेलची मुलगी ब्रिट्टा सहावीत होती. सात वर्षं, पूर्ण हजेरी. दहावी पट्टी. बाप आणि लेक एकाच फळीवर! सगळं गाव कौतुकाने बोलत होतं, आणि आर्डिस रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन त्या फळीसमोरून जाताना दुसरीकडे बघत होती.

गंमत म्हणजे गेली चार वर्षं मार्लिस तिच्याशी जास्तच गोड वागत होती. दर डिसेंबरला लेफ्से पाठवायची, बटाट्याच्या त्या पातळ पोळ्या, फडक्यात गुंडाळून, लोणी लावलेल्या. चर्चच्या जेवणात हाक मारायची, "आर्डिस, इकडे ये, तुझी जागा धरून ठेवलीय." गुडघा दुखत होता तेव्हा आठवडाभर गाडीतून ने-आण केली. आर्डिस लेफ्से खायची, गाडीत बसायची, आणि मनात म्हणायची, मिरवतेय. इतकं आहे की वाटायलाही उरतंय, हे दाखवतेय मला.

एप्रिलमध्ये मुख्याध्यापक लिंडग्रेन कचेरीत आले. पोरगेलेसे गृहस्थ, चांगले होते.

"आर्डिस, उन्हाळ्यात सगळी कार्डं संगणकात जाणार. त्याआधी सहावीची कार्डं हजेरीपटांशी एकदा ताडून बघाल का?"

"माझी कार्डं?"

"नियम आहे म्हणून. तुमच्या कार्डांत काय सापडणार!"

एकतीस कार्डं होती. तीस कार्डं तिने एकेकदा ताडली. ब्रिट्टा टुफ्टेचं तीनदा ताडलं. तिसऱ्या वेळी दुसरीच्या वर्षाचा हजेरीपट खिडकीपाशी नेऊन तिरका धरला, तेव्हा बारा फेब्रुवारीच्या चौकोनात एक रेघ दिसली. तिरकी. पूर्ण दिवसाला फुली, अर्ध्या दिवसाला तिरकी रेघ. नेहमीच्या बाई रजेवर होत्या, बदली बाईंनी शाईऐवजी शिसपेन्सिलीने मारलेली, फिकट, पण रेघच. खाली बारीक अक्षरात वेळही होती, दहा पंचेचाळीस.

आर्डिसला तो दिवस आठवला. वादळ झालं होतं. बर्फ काढायची गाडी तिच्या रस्त्यावर सर्वांत शेवटी आली आणि ती स्वतःच शाळेत पोचू शकली नव्हती. म्हणून ब्रिट्टाला कचेरीतून उशिराची चिठ्ठी मिळाली नव्हती, आणि कचेरीत त्याची नोंदही राहिली नव्हती.

तिला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही. पायांच्या तळव्यांपासून वर चढत गेलेला उघडा-नागडा आनंद झाला. टुफ्टे झाले म्हणून काय, फेब्रुवारी त्यांनाही असतो!

मग तिने पिवळं कार्ड पुढे ओढलं. दुसरी, गैरहजेरीचे दिवस : ०. शून्य तिच्याच हातचं होतं, गोल, नेटकं, निळ्या शाईतलं. वर्षअखेरीला बेरीज करताना ती फिकट रेघ तिच्याच नजरेतून सुटली होती. ब्रिट्टाचं नाव फळीवर लागू द्यायचं नाही, तर अठ्ठावीस वर्षांतली पहिली सरळ रेघ आर्डिसलाच मारावी लागणार होती.

तीन दिवस तो हजेरीपट खणात राहिला. तीन दिवस तिने स्वतःशी वाद घातला, आणि वादात खरेपणाचं नाव पुन्हा पुन्हा घेतलं. नोंद म्हणजे नोंद. कॅरिनला जो नियम, तोच ब्रिट्टाला. सगळं खरंच होतं. पण तीसातलं दुसरं कुठलं कार्ड तिने तीनदा ताडलं होतं का? हा प्रश्न आला की ती उठून कॉफी ओतून घ्यायची. चौथ्या दिवशी तिचा मत्सर तिच्या अभिमानापेक्षा मोठा निघाला. तिने मोजपट्टी ठेवून शून्यावर रेघ मारली, वर अर्धा लिहिला, बाजूला आ. क्वा. आणि तारीख.

लिंडग्रेनसाहेबांनी कार्ड बघून डोकं धरलं. "आर्डिस, सायकल मागवून झालीय. पट्टी कोरायला टाकलीय. चार वर्षांपूर्वीची एक पेन्सिलीची रेघ! कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय," आर्डिस म्हणाली. हे वाक्य तिने तेवीस वर्षांनी दुसऱ्यांदा म्हटलं, आणि या वेळी म्हणताना तिला गोड लागलं.

त्या संध्याकाळी शाळेतून टुफ्टेंकडे फोन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रिट्टा आपल्या वर्गाची हजेरीची चिठ्ठी घेऊन काउंटरशी आली. सहावीकडून ती चिठ्ठी रोज तीच आणायची. चिठ्ठी दिली, पण गेली नाही.

"मिसेस क्वाम, मला आठवतं ते. आजी गाडी चालवत होती. बर्फ काढणारी गाडी आमच्यापुढे होती आणि आजी तिच्या मागे गाणी म्हणत होती."

"हो का."

"मग दरवर्षी मी पूर्ण हजेरीची जी प्रशस्तिपत्रं घेतली ती खोटी होती का?"

"एकच," आर्डिस म्हणाली. "दुसरीचं. बाकीची खरी आहेत."

"ते परत आणून देऊ का?"

"नको गं बाई," आर्डिस म्हणाली आणि कागद सारखे करू लागली. पोरगी रडली असती तर बरं झालं असतं.

शाळा सुटल्यावर मार्लिस आली. आर्डिसने तयारी ठेवली होती : हजेरीपट उघडा, कार्ड शेजारी, नियमांची पुस्तिका खूण घालून. भांडायला ये म्हणावं. मार्लिसने त्यांतल्या कशाकडेही पाहिलं नाही. काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

"आता का, आर्डिस?"

"आता म्हणजे?"

"चार वर्षं काही बोलली नाहीस. मग आताच का?"

आर्डिसला अर्थ लागेना. "तुला ठाऊक होतं?"

"मीच नव्हते का आणलं तिला? घड्याळ बघितलं, पावणेअकरा. म्हटलं, संपलं. जिने स्वतःच्या मुलीला सोडलं नाही ती माझ्या नातीला सोडते होय! जूनमध्ये प्रशस्तिपत्र आलं, गैरहजेरी शून्य. मी स्वयंपाकघरात बसून रडले, खरं सांगते. मला वाटलं, आर्डिसने माझ्यासाठी केलं. आयुष्यात एकदा हात सैल सोडला, तो माझ्यासाठी. घरी म्हटलं, याबद्दल तिच्याकडे अवाक्षर काढायचं नाही, ती मरेल लाजेने."

लेफ्से, चर्चमधली धरून ठेवलेली जागा, गुडघा दुखत होता तो आठवडा, सगळं आर्डिससमोर एका रांगेत येऊन उभं राहिलं. यांतलं काहीच मिरवणं नव्हतं तर.

"म्हणून विचारते," मार्लिस म्हणाली. "माझं काही चुकलं का? या वर्षी मी काही लागेलसं बोलले का तुला?"

आर्डिसला अजून एक वाट होती. हो, सोडलं होतं मी, आता कार्डं तपासली जाणार म्हणून नाइलाज झाला, एवढं म्हटलं की भागत होतं. जिभेवर आलंही. पण अठ्ठावीस वर्षांची सवय मोठी वाईट.

"मी सोडलं नव्हतं, मार्लिस," ती म्हणाली. "मला रेघ दिसली नव्हती. चूक झाली होती माझी."

मार्लिसने काउंटरवरचे हात उचलले. चिडली नाही. चेहरा हळूहळू रिकामा होत गेला.

"असं होय," ती म्हणाली. "चूक होती." मग कोटाची बटणं लावली, वरपर्यंत सगळी, आणि निघून गेली.

ती गेल्यावर आर्डिस तशीच बसून राहिली. आता लाज वाटली, आणि वाटली ती अंगभर वाटली. अठ्ठावीस वर्षांत तिची एकच चूक झाली होती, आणि हेग्लंडमध्ये कुणी तिच्यावर माया केली असेल तर ती त्या एका चुकीमुळे.

मे महिन्यात फळीवर पट्टी लागली नाही. सायकल दुकानाच्या काचेत उन्हाळाभर उभी होती, मग विकली गेली. मार्लिस भेटली की "गुड मॉर्निंग, आर्डिस" म्हणायची, अगदी नीट, इतरांना म्हणते तसं. चर्चच्या जेवणात आर्डिस जागा मिळेल तिथे बसायची.

डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी कॅरिनचा फोन आला. हवा झाली, रस्ते झाले, कॅरिनच्या मुलाचा खोकला झाला.

"मार्लिसमावशीच्या लेफ्से आल्या का गं?" कॅरिनने विचारलं. "मला दोन पाठवतेस दरवर्षी."

"यंदा नाही आल्या."

"का? आजारी आहे का ती?"

मग आर्डिसने सगळं सांगितलं. हजेरीपट, रेघ, शून्य, वरचा अर्धा. तीनदा ताडल्याचंही सांगितलं. ते तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"म्हणजे ब्रिट्टाचा आणि माझा, दोघींचाही अर्धा अर्धा दिवस लागला," कॅरिन म्हणाली. "आता तुझी सगळी कार्डं बरोबर आहेत ना, आई?"

"हो," आर्डिस म्हणाली. "सगळी बरोबर आहेत."