भिकुबाई कुणाला ‘खा’ म्हणत नाही

आमच्याकडे पाहुण्याचं पोट भरलं की जेवण अर्ध्यावर आलं असं धरतात. उरलेलं अर्धं जेवण म्हणजे आग्रह. वाढपी ताटावर वाकतो, पाहुणा ताटावर दोन्ही हात आडवे धरतो, वाढपी बोटांच्या फटीतून वरण ओततो, आणि पाहुणा कोपरापर्यंत हात चाटत ‘अरे काय हे’ म्हणतो. मग दोघंही समाधानानं उठतात. अशा मुलखात भिकुबाई जन्माला आली आणि तिनं उभ्या आयुष्यात कुणाला ‘खा’ म्हटलं नाही.

गिरणेकाठचं आमचं गाव भडगावपासून आठ किलोमीटरवर. इथल्या अंगणवाडीत भिकुबाई एकोणीस वर्षांपासून मदतनीस आहे. खिचडी शिजवायची, लेकरांचे हात धुवायचे, वाढायचं, भांडी घासायची. शेत नाही, नवरा पुना दम्यानं घरी बसलेला. चूल पेटते ती या नोकरीवर. अंगानं काडी, पण ती जेवायला बसली की बघत राहावं. कळण्याची भाकर, म्हणजे ज्वारी-उडदाची, ती मोडते तेव्हा पापुद्रा वाजतो. वर ठेचा, कांदा. घास तोंडात गेला की डोळे मिटते. बघणारा नुकताच जेवून आला असला तरी घरी जाऊन परत जेवायला बसतो. मी बसलेलो आहे.

आग्रह न करण्यापायी तिनं काय भोगलं, त्याची एक गोष्ट सांगतो. तिची पोरगी रूपा, तिच्या लग्नात वरण-बट्टीची पंगत बसली. व्याही झुलाल आबा पारोळ्याकडचे, देह भरदार. भिकुबाई स्वतः वाढायला आली. आबांनी रिवाजाप्रमाणे हात आडवा धरला आणि म्हणाले, "बस, बस." भिकुबाई म्हणाली, "बरं," आणि पुढच्या ताटाकडे गेली. आबा हात आडवाच धरून बसले. त्यांना वाटलं, ती पुन्हा येईल. ती पुन्हा आली, हात आडवा दिसला, पुन्हा पुढे गेली. पंगत उठली तेव्हा आबांच्या पोटात एक बट्टी होती आणि डोक्यात संताप. वऱ्हाडाची गाडी पहिल्याच फाट्यावर थांबवून त्यांनी आठ वडे खाल्ले. रूपाला सासरी वर्षभर ‘बरंवालीची पोर’ म्हणत होते.

आता माझ्या नातीकडे येतो, कारण खरं रामायण तिच्यापायी झालं.

भूमिका सहा महिन्यांची झाली तेव्हा उष्टावण केलं. मामानं सोन्याच्या अंगठीनं खीर चाटवली. आजोबाच्या वाट्याला काहीच मान नाही म्हणून मी मागच्या दारानं जाऊन अख्खा पेढा तिच्या जिभेवर घासला. कार्यक्रमाला आलेली भिकुबाई सुनेला, दिपमालाला, सांगत होती, "मीठ-साखरेची घाई करू नको. मऊ वरणभात, कुस्करलेलं केळं, शिजवलेला भोपळा, असं थोडं थोडं दे. आज थुंकली तर परवा परत ठेव. आणि तोंड फिरवलं की थांब."

मी मोठ्यानं हसलो. तोंड फिरवलं की थांबायचं? आमच्या घरात तर तोंड फिरवलं की जेवण सुरू होतं. माझी घरवाली भागाबाई वाटी घेऊन निघायची, भूमिका पुढे, भागाबाई मागे, तिच्या मागे मी मोबाईलवर गाणं लावून. चौकातून मारुतीपर्यंत, मारुतीपासून परत. वाटेत इंदरचंद शेठच्या दुकानासमोर त्यांची बकरी बांधलेली असायची. "एक घास बकरीचा, एक घास भूमिकाचा," असं चालायचं. भूमिका आपलाही घास बकरीलाच द्यायची. वर्षभरात बकरी अशी फुगली की शेठनं तिचं दुसरं नाव ठेवलं, नानांची नात. नाना म्हणजे मी.

हा रोग गावापुरता आहे असं समजू नका. जळगावात मेहरूणला माझा पुतण्या राहतो, पाचव्या मजल्यावर. त्याचं पोरगं लिफ्ट चालू असेल तरच तोंड उघडतं. आजी लिफ्टमध्ये स्टूल टाकून बसते, वर जाताना भात, खाली येताना वरण. वीज गेली की पोराला उपास. चाळीसगावच्या आमच्या साडूचा नातू रेल्वेगाडी दिसल्याशिवाय गिळत नाही. ते घर स्टेशनालगतच आहे म्हणून भागतं. पण गाडी दोन तास लेट झाली की त्यांचं जेवणही दोन तास लेट, आणि साडू चौकशी खिडकीवर जाऊन विचारतो, "साहेब, पोरगं घास तोंडात धरून बसलंय, काही अंदाज?"

तर भूमिका तीन वर्षांची होऊन अंगणवाडीत बसू लागली. दर महिन्याला तिथं वजन होतं. काटा अकरा किलो दोनशेवर अडकला तो तीन महिने हलेना. कार्डावरची रेघ बांधासारखी आडवी. भागाबाईनं घर डोक्यावर घेतलं.

"घरात मी जीव काढते तिच्या मागे धावून. आणि तिथं ती बया काय करते? ताट ठेवते आणि पाठ फिरवते!"

खोटं नव्हतं ते. भिकुबाई लेकरांना वाढायची आणि त्यांच्याकडे पाठ करून आपली भाकर खात बसायची. कुणी खाल्लं, कुणी नाही, ढुंकून बघायची नाही. दर बुधवारी गिलक्याची, म्हणजे घोसाळ्याची, भाजी चिमूटभर प्रत्येक ताटात. लेकरं ती भिंतीला लावत, नाकाला लावत. ती भिंत पुसायची आणि पुढच्या बुधवारी परत चिमूटभर. नवव्या बुधवारी एखादं पोर ती तोंडात घालायचं, आणि भिकुबाई शाबासकीसुद्धा द्यायची नाही. याला काय माणुसकी म्हणायची?

जुनी सातवी पास असल्यानं अर्ज लिहायचं काम गावात माझ्याकडे असतं. मी लिहिलं: ‘सदर मदतनीस बालकांना खाण्याचा यत्किंचितही आग्रह करीत नाही, सबब बालके वाळत चालली आहेत. तरी तिला कामावरून त्वरित कमी करावे.’ ‘यत्किंचितही’ हा शब्द माझाच. पहिली सही माझी, खाली गल्लीतल्या सगळ्या आजी-आजोबांचे सह्या-अंगठे.

तालुक्याहून रूपल मॅडम चौकशीला आल्या. तरुण बाई, पण बोलणं नेमकं. अंगणवाडीच्या ओट्यावर सगळं गाव जमलं. अर्ज वाचून त्या म्हणाल्या, "भिकुबाई, गंभीर आहे हे. वीस लोकांनी मागणी केलीय. माझा अहवाल वर गेला तर नोकरीवर येईल. तुमचं काय म्हणणं आहे?"

भिकुबाई पदराला हात पुसत उभी होती. कोपऱ्यात पुना खोकत होता. त्याच्याकडे तिनं एकदा पाहिलं.

"म्हननं काही नही, मॅडम. भूक लागनी का पोरं खातस."

"मग ही का खात नाही?" भागाबाई भूमिकाला पुढे ढकलत गरजली. "तिला भूकच लागत नाही!"

"लागत नही, ते खरं शे," भिकुबाई म्हणाली. "मॅडम, उद्यानी सकाय मले द्या. मी या पोरना मांगे पिशवी लिसन हिंडसू. मंग तुम्ही काय लिखतस ते लिखा." उद्याची सकाळ मला द्या, मी या पोरीच्या मागे पिशवी घेऊन हिंडते, मग लिहा काय लिहायचं ते, एवढंच तिचं मागणं. मॅडम कबूल झाल्या.

दुसऱ्या दिवशी खिचडी सेविकेनं चढवली, आणि भिकुबाई सात वाजताच आमच्या दारात. हातात खताच्या गोणीची शिवलेली पिशवी. भूमिकानं घरी दूध-भाकरीचे चार घास खाल्ले होते. भिकुबाईनं आम्हाला सगळ्यांना एकच सांगितलं, "कोनलेच नही म्हनू नका. जे रोज देतस ते द्या. फक्त पिशवीमा द्या."

आमच्या गावात लेकरू दारातून रिकाम्या हातानं जाऊ देत नाहीत. वाडवडिलांची रीत आहे, आणि चांगली रीत आहे. पूर्वी त्या हातावर गुळाचा खडा पडायचा, नाहीतर भुईमुगाच्या चार शेंगा. भूमिकाला पिशवीचा खेळ फार आवडला. दारात उभी राहायची, पिशवीचं तोंड फाकवायची आणि म्हणायची, "इथं टाक." भिकुबाई मागून चालायची. पोरीनं दोनदा पुडा फोडायला मागितला. भिकुबाई म्हणाली, "तुनाच शे. आधी पिशवी भरू दे." भरलेली पिशवी बघण्याचा मोह खाण्यापेक्षा मोठा निघाला.

मी माझ्या कामानं हिंडत होतो. नात वाटेत भेटली तर मी काय तोंड फिरवणार होतो? जे रोज देतो ते द्यायचंच, असं भिकुबाईच म्हणाली होती.

बाराला सगळे ओट्यावर जमलो. मॅडमनी हुकूम काढला, "लेकरांचं जेवण होईपर्यंत एकाही मोठ्या माणसानं तोंड उघडायचं नाही."

तो अर्धा तास मी विसरणार नाही. लेकरांपुढे खिचडीची ताटं आली. भिकुबाईनं पाठ फिरवली, फडकं सोडलं आणि कळण्याची भाकर मोडली. भूमिका ताटाकडे बघत बसली. माझ्या घशापर्यंत ‘खा गं बाळ’ आलं. मी उपरण्याचा बोळा दातात धरला. शेजारी भागाबाईनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून ठेवलं होतं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पलीकडे चार आज्या लेकरांकडे बघून नुसतंच तोंड उघडमीट करत होत्या, विहिरीतल्या माशांसारख्या.

भूमिकानं बोट खिचडीत घातलं. चाटलं. मग चार बोटं घातली. मग तिनं आमच्याकडे बघितलंच नाही. पोरगी खात होती! कुणी धावत नव्हतं, गाणं नव्हतं, बकरी नव्हती, आणि माझी नात आपल्या हातानं खात होती. ताट अर्धं झाल्यावर ती उठली, भिकुबाईच्या पुढ्यात जाऊन बसली, आणि तिच्या भाकरीचा तुकडा मोडून ठेच्याला लावला. हा हा करत पाणी प्यायली, आणि दुसरा तुकडा नुसताच घेतला. मग हात झटकून उभी राहिली. तिच्या ताटात थोडी खिचडी राहिली होती. भिकुबाईनं ताट उचललं.

भागाबाईला आता राहवेना. "माय वो! दोन घास उरनात!"

"ऱ्हावू द्या अक्का," भिकुबाई म्हणाली. "तिनं पोट तिले मालूम शे."

"जेवणारी जेवली," मॅडम म्हणाल्या. "आता पिशवी."

भिकुबाईनं सतरंजीवर पिशवी उलटी केली. बिस्किटांचे पुडे, तिखट नळ्यांची पाकिटं, लाल-हिरव्या गोळ्या, जेलीचे कप, मारुतीच्या प्रसादाची साखर, एक गार झालेला समोसा, आणि चहात बुडवून लगदा झालेला टोस्ट वाटीसकट. अठरा माणसं जेवतील एवढा ढीग. ज्या जिल्ह्यातून गाड्या भरभरून केळी देशभर जातात, तिथल्या त्या ढिगात केळं एक. तेही शेठच्या बकरीसाठी ठेवलेलं, चुकून आलेलं.

"हे एका सकाळचं?" मॅडमनी विचारलं.

"रोजनं शे. बठ्ठासनी मायानं दिधं," भिकुबाई म्हणाली. सगळ्यांनी मायेनं दिलं, एवढंच. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

आज्या एकमेकींकडे बघू लागल्या. प्रत्येकीला वाटत होतं, आपण एकच तर पुडा देतो. ‘पोरीच्या पोटात काही नाही’ म्हणून प्रत्येक घर देत होतं, आणि प्रत्येक घर देत होतं म्हणून जेवणाला पोटात जागा नव्हती.

मॅडम ढिगावरून हात फिरवत म्हणाल्या, "हे केशरी पुडे चार आहेत. एकसारखे. हे कुणाचं घर?"

इंदरचंद शेठ मागून खाकरले. "घर नाही मॅडम. चारही नाना घेऊन गेले माझ्याकडून. सव्वासातला एक, नवाला एक, साडेदहाला एक, आणि आत्ता येता येता एक."

मी उपरणं तोंडातून काढलं. दिपमाला माझ्याकडे बघत होती. तीन महिने ‘आईला पोर सांभाळता येत नाही’ हे गल्लीत तिनं ऐकून घेतलं होतं.

"तक्रारीवर पहिली सही तुमची आहे, नाना," मॅडम म्हणाल्या. "कायम ठेवायची का?"

मी कागद मागून घेतला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: ‘उपरोक्त मजकूर चुकीचा आहे. दोष मदतनिसाचा नसून आमचा आहे, आणि त्यात अर्जदाराचा यत्किंचित जास्तच आहे.’ सही केली, मोठ्यानं वाचून दाखवलं. शब्द तोच, पण या खेपेला योग्य जागी पडला. मॅडमनी कागद घडी करून आपल्या पिशवीत टाकला. भिंतीला टेकलेला पुना खाली बसला आणि इतका वेळ धरून ठेवलेला खोकला खोकून घेतला.

पुढच्या वजनाला काटा तीनशे ग्रॅम सरकला. गाव मात्र एकदम सुधारलं असं म्हणणार नाही. शेठनं पाकिटांची माळ लेकरांच्या हाताला येणार नाही अशी उंच टांगली आहे. आता आजोबांना ती टाचा उंचावून काढावी लागते. माझ्या खिशात हल्ली शेंगा असतात. एखाद्या दिवशी गोळीही सापडते. सवय आहे, एका महिन्यात जात नाही.

चौकशीच्या त्या दुपारी सगळे पांगले तरी मी ओट्यावर होतो. भिकुबाईनं माझ्यापुढे एक ताट ठेवलं. भाकर, ठेचा, कांदा, आणि कढईतली उरलेली खिचडी. वास आला आणि आठवलं, सकाळपासून गोळ्या-पुडे वाटण्याच्या नादात मी जेवलोच नव्हतो. पण माणसानं रीत सोडू नये. मी हात आडवा धरला.

"नको, नको, भिकुबाई. घरी..."

"बरं," ती म्हणाली आणि ताट उचलायला वाकली.

झुलाल आबा झपकन डोळ्यांपुढे आले, पहिल्या फाट्यावरच्या आठ वड्यांसकट. मी दोन्ही हातांनी ताट धरलं.

"मंग धरा ना, नाना," भिकुबाई म्हणाली आणि पाठ फिरवून भांडी घासायला बसली. "भाकर गार व्हई राहिनी."