करवतीच्या नाकपुड्या

माझा धाकटा भाऊ टिटवाळ्याला राहतो आणि सोसायट्यांमधल्या झाडांच्या फांद्या छाटतो. कमरेला दोर, हातात पेट्रोलवर चालणारी करवत. ती एकच. पावसाळा जवळ आला की सगळ्या सोसायट्यांना एकदम आपल्या झाडांची आठवण होते, आणि त्या महिन्याभरातल्या कामांवर त्याचं अर्धं वर्ष निघतं. गेल्या मे महिन्यात करवत जरा दमायला लागली म्हणून एका रविवारी तो ती घेऊन आमच्याकडे कोपरला आला. कार्बोरेटर साफ करायचा होता, बस्स. मंगळवारी ठाण्याच्या एका मोठ्या सोसायटीत काम सुरू होणार होतं.

माझा नवरा डिप्लोमावाला. एमआयडीसीतल्या कारखान्यात दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंतल्या चुका काढणं हे त्याचं काम, आणि घरी आल्यावरही तो ते सोडत नाही. नुसतं साफ करणं म्हणजे त्याच्या शिक्षणाचा अपमान. कुठल्यातरी दाढीवाल्या परदेशी माणसाचे व्हिडिओ बघून तो आधीच तयार बसला होता.

"सिलिंडरच्या भिंतीत भोकं असतात," त्याने आम्हाला समजावलं. "एकातून पेट्रोल आणि हवा आत, दुसऱ्यातून धूर बाहेर. ती मोठी केली की मशीन मोकळा श्वास घेतं."

म्हणजे करवतीच्या नाकपुड्या रुंद करायच्या होत्या.

"दाजी, नुसतं साफ केलंत तरी चालेल," भाऊ म्हणाला.

"तू चहा पी," दाजी म्हणाले.

माझ्या जेवणाच्या टेबलाचा कारखाना झाला. भोक किती अंशांवर उघडतं ते मोजायला मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक इंजिनाच्या चाकावर चिकटवला. खुणा करायला माझं काजळ घेतलं. मग ड्रिलला घासायचा दगड लावून जी पूड उडवली ती थेट माझ्या मळलेल्या कणकेवर. मी ओरडले तर म्हणे, "अगं, अर्ध्या मिलिमीटरचं काम आहे, मध्ये बोलू नकोस." ज्या माणसाला साखरेचा डबा कुठला ते बारा वर्षांत कळलेलं नाही, तो अर्धा मिलिमीटर शोधत होता.

संध्याकाळी खाली आवारात करवत सुरू केली. काय तो आवाज! वॉचमन खुर्चीवरून उठला, लोक गॅलरीत आले. मोडक्या पलंगाचा पाय बघता बघता कापून निघाला. आणि खरं सांगते, दिवसभर टोमणे मारणारी मी तिथे मिरवायला लागले. शेजारणीला म्हटलं, "आमच्या ह्यांचा हातच तसा आहे." भाऊ हसून म्हणाला, "भारी झालंय, दाजी."

मंगळवारी दुपारी करवत झाडावरच मेली. फांदी अर्धी कापलेली, खाली चेअरमनची गाडी. भावाने फांदी दोराने बांधली आणि उरलेली हातकरवतीने कापली, चार तास. कमिटी खाली उभी राहून सूचना देत होती. अशा वेळी कमिटीतल्या सगळ्यांनाच झाडांतलं कळतं. दुसऱ्या दिवशी बाकीची झाडं दुसऱ्या माणसाला गेली.

कल्याणच्या मेकॅनिकने इंजिन खोललं. नवऱ्याने भोकाची उंची अगदी काटेकोर मोजली होती. रुंदी मात्र हौसेने वाढवत नेली होती. पिस्टन वर-खाली होताना त्याच्याभोवतीची रिंग त्या मोकळ्या जागेत बाहेर आली, कडेला अडकली आणि तुटली. सिलिंडरही आतून ओरबाडून निघालं होतं. नवऱ्याचं म्हणणं, पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडलं असणार. दुसऱ्यांच्या चुका पकडून पोट भरणाऱ्याला ही तेवढी सापडेना. मला इतका राग आला की दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

नवीन सिलिंडर येईपर्यंत पाऊस लागला. तोवर भाऊ दुसऱ्याच्या टोळीत, खाली पडलेल्या फांद्या ओढायला जात होता. एकदा डबा घेऊन मी टिटवाळ्याला गेले आणि त्याच्यासमोर नवऱ्याचा मनसोक्त उद्धार केला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मला रविवारीच कळलेलं, ताई," तो म्हणाला. "जोडायच्या आधी मी भोकात बोट फिरवून बघितलेलं. माझ्या एका मित्राचं मशीन असंच गेलेलं."

"मग बोलला का नाहीस?"

"दाजींना कोण बोलणार? जावई माणूस. नंतर तुला तरी सांगणार होतो." तो डब्याचं झाकण काढायला लागला. "पण लग्नानंतर पहिल्यांदाच तुला त्यांचं कौतुक करताना बघितलं. म्हटलं जाऊ दे, एक सीझन गेला तर गेला."