मारुतरावांनी राखलेले अकरा बाईट

निनाद, इरा,

परवा फोनवर निनाद म्हणाला, "आजी, प्रोग्राम मावत नव्हता, मेमरी वाढवून घेतली." तेव्हा मला मारुतराव आठवले. ते गेल्याचं महिन्यापूर्वीच त्यांच्या गावाहून, हिर्डोशीहून कळलं होतं. त्यांच्याविषयी कुठे काही लिहिलेलं नाही, म्हणून लिहिते.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आम्ही भोरला एका छोट्या कार्यशाळेत कामाला होतो. मी गणिताची एम.एस्सी., ते वायरमन. चिपची भाषा ते पुस्तकातून, अडलेले इंग्रजी शब्द मला विचारत शिकले. शनिवारी गावी निघताना ते पिशवी बाकावर उलटी करत आणि निम्मं सामान कपाटात परत ठेवत. भोरपुढे एसटी मिळेलच असं नसे, मग चालत जावं लागे. "ओझं हितंच कमी करायचं, बाई. चढावर कोण घेतंय?"

वेल्ह्याकडच्या एका ओढ्यासाठी आम्ही भोंगा बनवत होतो. डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही ओढा अचानक भरे. आदल्या वर्षी भातलावणीहून परतणारी एक बाई त्यात वाहून गेली होती. पाणी खुणेवर आलं की भोंगा वाजायला हवा होता, तोही लगेच. पुण्याच्या मोठ्या संगणकाने माझ्या सूचनांवरून चिपसाठी प्रोग्राम तयार करून दिला. चिपमध्ये जागा १०२४ बाईट. प्रोग्राम त्याहून शंभराने मोठा. लावणीला पंधरा दिवस होते.

मी छाटणी सुरू केली. पाण्याची उंची थोड्या अंतराने दोनदा वाचली जात होती. दुसरं वाचन मी काढलं.

"ह्ये का काढलं?" मारुतरावांनी विचारलं.

"एकदा वाचलं की पुरे. वेळही वाचतो."

"तुमच्या वढ्यात म्हशी बसत न्हाईत वाटतं."

"म्हशींचा काय संबंध?"

"म्हस उठली की पाणी हालतं. भोंगा दोनदा म्हशीपायी वाजला, की तिसऱ्यांदा बाया मान वर करायच्या न्हाईत."

मी ते वाचन परत घातलं.

जागा त्यांनी दुसरीकडे शोधली. संगणकाने तेच ते हुकूम ठिकठिकाणी पुन्हा लिहिले होते. मारुतरावांनी ते एकदाच लिहिले आणि इतर ठिकाणांहून तिथे जाऊन परतायची सोय केली. "आळीला एक उखळ बास. घरोघर कशाला?" पण जाण्यायेण्यात वेळ जातो. म्हणून भोंगा वाजवण्याचे हुकूम मात्र जागच्या जागी ठेवले. "ज्याला घाई, त्याचं उखळ दाराशीच पायजे."

बाराव्या दिवशी प्रोग्राम १०१३ बाईटमध्ये बसला. उरलेल्या अकरांत आणखी काही घालू या, असं मी सुचवलं.

"ऱ्हाऊ द्या. मागनं येणाऱ्याला काय सुचलं, तर त्याला जागा नको?"

लावणीच्या दिवसांत एका उन्हाच्या दुपारी भोंगा वाजला. आम्ही काठावरच होतो. पलीकडून निघालेल्या बायका थबकल्या, आणि थोड्याच वेळात ओढा गढूळ होऊन दोन्ही काठांना लागला. पाणी ओसरल्यावर त्या अलीकडे आल्या, तेव्हा मारुतरावांनी एवढंच विचारलं, "ह्याच्या आदी किती बारी वाजला व्हता?"

"एकदाबी न्हाई," त्यांतली एक म्हणाली. "म्हणून तर थांबलो आमी."

पुढे ओढ्यावर पूल झाला आणि भोंगा उतरवला. ती चिप माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. तिच्यातले अकरा बाईट अजून रिकामे आहेत.