उस्तादाचं खोटं नाव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी चोरून खाल्लेल्या जिलबीचीही कबुली देतो.

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडं. परवा कन्नडला साखरपुड्यात पुतणी म्हणाली, "काका, ती ग्वाटेमालाची म्हातारी करा ना!" केली. नक्कल बघून मंडळी हसून लोळली. अठरा वर्षं करतोय. चीड येते — कुणाची? ह्याच थोबाडाची!

तेव्हा मी गाईड होतो. ती म्हातारी तिकडची विणकर. भाषा कक्चिकेल, माया लोकांची. ती बोलायची, लेक इंग्रजीत सांगायची, मी हिंदीत. शहरात हिमरू विणणाऱ्या रशीदचाचांच्या मागापाशी ती थांबली, हात पाठीमागं बांधून. लेक म्हणाली, आईला विणणं तिच्या आईनं शिकवलं, ह्याच भाषेत. तिकडच्या यादवी युद्धात ही भाषा बोलणाऱ्यांची गावं जाळली. ओळखू येऊ नये म्हणून भर बाजारात ती आणि तिची आई मुक्या राहायच्या. आज ती आपल्या आईचं नाव मोठ्यानं घेणार. चाचांनीही उस्तादाचं नाव सांगावं. त्याशिवाय ती मागाला हात लावणार नाही.

तिनं नाव घेतलं. सावकाश.

"क्या बोलरी अम्मा?" चाचांनी विचारलं.

आणि मी — वेरूळला जायला उशीर होत होता? छे, तेही खोटं. मला हशा हवा होता! म्हणालो, "बोलरी, तुम्हारी दाढी उसके बकरे जैसी है."

चाचा खदखदून हसले. ती मात्र वाट बघत उभी. मग उस्तादाचं नावही मीच ठोकून दिलं — करीमबक्ष. असा कुणी नव्हताच! तिनं ते तीनदा म्हटलं, नीट जमेपर्यंत, आणि मागाला कपाळ टेकवलं. हेच मी लग्नाकार्यात करून दाखवतो — कपाळ टेकवण्यासकट.

पिशोरहून शहरात शिकायला आलो, तेव्हा माझ्या 'लई'ला न 'व्हय'ला अख्खा वर्ग हसायचा. संडासात जाऊन रडायचो. मग मला कळत नव्हतं काय? चांगलं कळत होतं!

चाचा ह्या उन्हाळ्यात गेले. भेटायला गेलो, तर त्यांचा मुलगा अभिमानानं म्हणाला, "अब्बा कू बुनना दादीच सिखाई. झुलेखाबी."

आईनं. त्यांनाही आईनंच.

चाचा गेले ते तिच्या आईचं नाव न कळताच. आणि ती, असलीच तर, अजून करीमबक्षाचं नाव घेत असेल.

हे मला उन्हाळ्यात कळलं. साखरपुडा परवाचा.